टेस्टचाच भरवसा नाही, तर नातवाला लस कशाच्या जोरावर द्यायची?

पत्र: मी मुलुंडला राहतो, बँकेतून निवृत्त झालो आहे. नातू अडीच महिन्यांचा आहे. पेंटाचा पहिला डोस महापालिकेच्या दवाखान्यात दिला, तेव्हा रात्रभर ताप आणि रडारड. दुसरा डोस गेल्या आठवड्यात होता. नेमकी त्याच्या आदल्या दिवशी माझी भाची जेवायला आली. ती एका लस कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. बोलता बोलता म्हणाली, "मामा, उंदरांवरच्या टेस्टचा काही भरवसा नसतो. एका बॅचचा आज एक आकडा येतो, परत टेस्ट लावली की भलताच." तिचं दुखणं वेगळं आहे: इतके प्राणी फुकट मरतात, म्हणून ती नोकरी सोडायच्या विचारात आहे. पण मुलाने आणि सूनबाईने तेवढंच वाक्य धरलं. म्हणतात, टेस्टचाच भरवसा नाही तर लस कशाच्या जोरावर द्यायची? बायको माळकरी, तिचा प्रश्न तिसराच: एवढे जीव घेऊन केलेलं औषध बाळाला टोचायचं का? भाची खोटं बोलणाऱ्यातली नाही. मी कोणाचं ऐकू? – एक आजोबा, मुलुंड

नमस्कार काका,

आधी बाळाचं बघू, कारण बाकी सगळे प्रश्न चार दिवस थांबले तरी चालतील. दुसरा डोस देऊन टाका. आठवडाभर उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, थांबलात तिथून पुढे जायचं. एका रात्रीचा ताप आणि किरकिर हे पुढचा डोस टाळायचं कारण नाही. बाळाला झटका आला असता, ते अचानक निपचित पडलं असतं, तीन तासांहून जास्त वेळ किंचाळून रडत राहिलं असतं किंवा अंगावर गांधी उठून श्वास लागला असता, तर टोचण्याआधी डॉक्टरांना सांगणं भाग होतं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही.

आता भाची. ती खरं बोलते आहे. मुलाने त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकला आहे. हे दोन्ही एकाच वेळी कसं, ते सांगायला जरा आत शिरावं लागेल. तुम्ही बँकेत होतात, आकड्यांना कंटाळणार नाही असं धरून चालते.

पेंटाच्या बाटलीत पाच लसी असतात: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब (लहान मुलांना मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करणारा जंतू). यांची तपासणी एका पद्धतीने होत नाही. हिबचा भाग जवळजवळ सगळा रसायनशास्त्राने तपासतात. जंतूच्या कवचातली साखर किती आहे, त्यातली प्रथिनाला जोडलेली किती आणि सुटी किती, हे यंत्र सांगतं. तिथे उंदराचा संबंध नाही. हिपॅटायटिस बीचा भाग एलायझाने मोजता येतो, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या खळग्यांत रंग किती गडद येतो ते बघून. घटसर्प आणि धनुर्वातासाठी बऱ्याच ठिकाणी अजून गिनीपिग किंवा उंदीर लागतात. राहिला डांग्या खोकला. भाचीचा राग बहुतेक त्याच टेस्टवर असणार.

तिला केंड्रिक टेस्ट म्हणतात. मिशिगनच्या पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघींनी १९३०च्या दशकात डांग्या खोकल्याच्या लसीवर काम केलं, त्यातल्या केंड्रिकबाईंचं नाव १९४०च्या दशकात आलेल्या या टेस्टला लागलं. पद्धत अशी. लस कमीजास्त पातळ करून उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना पोटात टोचायची. शेजारच्या पिंजऱ्यांत तसेच उंदीर, पण त्यांना जिची ताकद आधीच ठरलेली आहे ती रेफरन्स लस. दोन आठवडे थांबायचं. मग उंदराला गुंगी देऊन डांग्या खोकल्याच्या जिवंत जंतूंचा थेंबापेक्षाही लहान डोस थेट त्याच्या मेंदूत द्यायचा. पुढचे १४ दिवस रोज पिंजरे बघायचे आणि मेलेले मोजायचे. पहिल्या तीन दिवसांत मेलेले हिशेबात धरत नाहीत, कारण ते सुईच्या इजेनेच गेले असावेत असं समजतात. शेवटी कुठल्या गटातले किती वाचले त्यावरून आकडा काढायचा. एका डोसमागे किमान ४ आंतरराष्ट्रीय युनिट ताकद हवी.

आता तुम्हीच बघा. उंदीर खोकत नाही. माणसाचा डांग्या खोकला श्वासनलिकेत होतो, कोणी मेंदूत जंतू टोचत नाही. मग हा उपद्व्याप कशासाठी? कारण ब्रिटनमध्ये १९४०-५०च्या दशकांत मेडिकल रिसर्च कौन्सिलने हजारो मुलांना वेगवेगळ्या बनावटीच्या लसी देऊन मोठ्या चाचण्या केल्या, आणि त्यात दिसलं की उंदरांना जास्त वाचवणारी लस मुलांनाही जास्त वाचवते. असं का, याचं धड उत्तर तेव्हा कोणाकडे नव्हतं. पण मेळ बसत होता, म्हणून टेस्ट टिकली.

टिकली, पण डुगडुगत. उंदराची जात, वय, वजन, पिंजऱ्यातली गर्दी, त्या दिवशी तयार केलेल्या जंतूंचा जोर, टोचणाऱ्याचा हात – यातलं काहीही बदललं की आकडा बदलतो. किती? रेबीजच्या लसीचं उदाहरण देते, कारण तिथे नियमातच ते लिहिलेलं आहे. तिचीही ताकद अशीच उंदरांच्या मेंदूत विषाणू टोचून काढतात. युरोपच्या औषधसंहितेप्रमाणे या टेस्टची विश्वासमर्यादा निघालेल्या आकड्याच्या २५ टक्क्यांपासून ४०० टक्क्यांपर्यंत चालते. म्हणजे आकडा ४ आला, तर खरी ताकद १ ते १६ यांच्यामध्ये कुठेही असू शकते, आणि तरी टेस्ट वैध. तुमच्या कॅशियरने संध्याकाळी असा हिशेब दिला असता तर? म्हणूनच म्हटलं, भाची खरं बोलते आहे.

मग लस कशाच्या जोरावर? एक तर हा आकडा एकटा कधीच वाचत नाहीत. तो कायम रेफरन्स लसीच्या शेजारी ठेवून वाचतात. भाजीवाल्याचा काटा हलता असला, तरी त्याच काट्यावर एका पारड्यात माप आणि दुसऱ्यात भाजी ठेवली की फसगत बरीच कमी होते, तसं. दुसरं, कुठलीही शहाणी कंपनी किमान मर्यादेला घासून लस बनवत नाही, बरीच वर ठेवते. त्यामुळे आकडा डळमळला की बहुतेक वेळा होतं ते एवढंच: चांगल्या बॅचची टेस्ट पुन्हा लावावी लागते, दोन महिने ती कोल्ड रूममध्ये अडकते, आणखी काही पिंजरे भरतात. भाची वैतागते ती याला. तुमच्या सूनबाईला वाटतंय की उंदरांची टेस्ट डळमळते म्हणजे निकृष्ट लस बाळापर्यंत येते. निकृष्ट बॅच नशिबाने या एका टेस्टमधून निसटू शकते, हे मी नाकारत नाही. पण तिला बाकीच्या सगळ्या टेस्टमधूनही निसटावं लागेल: जंतूंची संख्या, ते पुरते मेले आहेत का, बाटली निर्जंतुक आहे का, ॲल्युमिनियम किती, आम्लता किती, विषारी अंश किती. त्यावर प्रत्येक टप्प्याच्या नोंदी असतात, आणि बॅच बाजारात सोडण्याआधी कसौलीच्या सेंट्रल ड्रग्ज लॅबोरेटरीसारखी सरकारी प्रयोगशाळा ते कागद आणि नमुने बघते.

विषारी अंशावरून आठवलं. डांग्या खोकल्याच्या लसीची आणखी एक टेस्ट उंदरांवर होते, ती मला केंड्रिकपेक्षा प्रामाणिक वाटते. उंदरांना लस टोचायची आणि वजन करत राहायचं. तिसऱ्या दिवशी वजन सुरुवातीपेक्षा कमी असता कामा नये, आणि सातव्या दिवसापर्यंत लस न दिलेल्या उंदरांचं जेवढं वाढलं त्याच्या किमान ६० टक्के तरी वाढायला हवं. लस टोचल्यावर उंदीर पहिले एकदोन दिवस खात नाहीत, अंग फुगवून कोपऱ्यात बसतात, मग पुन्हा खायला लागतात. तुमच्या नातवाची ती रात्र साधारण याच जातीची होती. या लसीत अख्खे मारलेले जंतू असतात, त्यांनी ताप येतो. तो येणार हे ठाऊक असूनच लस देतात.

तुमच्या मुलाचा मूळ समज असा दिसतो की आधी प्राण्यावर पास आणि मग माणसाला, म्हणजे सुरक्षिततेचा सगळा भार प्राण्यावर. असं कधीच नव्हतं, आणि याचा धडा आपल्या परळमधूनच गेला आहे. १८९६ला मुंबईत प्लेग आला. जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालेल्या जागेत प्लेगची लस बनवली, १० जानेवारी १८९७ला स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवकांना दिली. पुढे प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली, तीच आजची हाफकिन संस्था. ऑक्टोबर १९०२मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात ही लस १०७ जणांना दिली आणि त्यातले १९ धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. त्या दिवशी वापरलेल्या दुसऱ्या बाटल्यांनी कोणाला काही झालं नाही. हाफकिनना पद सोडावं लागलं. पुढे पुरावा पुढे आला की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७मध्ये मलेरियावरच्या शोधासाठी नोबेल मिळवलेल्या रोनाल्ड रॉससारख्यांनी जाहीरपणे बाजू घेतली तेव्हा कुठे त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. आता सांगा, परळमध्ये त्या बॅचवर हजार गिनीपिग खर्ची घातले असते तरी काय कळलं असतं? नमुन्याची टेस्ट नमुन्याबद्दल सांगते. न उघडलेल्या बाटलीबद्दल कारखान्याची आणि टोचणाऱ्याची शिस्तच सांगते.

पण भाचीलाही एक गोष्ट ऐकवा, म्हणजे ती फार चढून बसायला नको. १९५५मध्ये अमेरिकेत पोलिओच्या नव्या टोचायच्या लसीच्या काही बॅचमध्ये विषाणू पुरता मेलाच नव्हता. ती कटर कंपनीची लस होती. २००च्या आसपास लोकांना पक्षाघात झाला, १० जण गेले. कंपनीच्या पेशींवरच्या टेस्टमध्ये तो जिवंत विषाणू सापडला नव्हता. सापडला तो माकडांत! सरकारी प्रयोगशाळेतल्या बर्निस एडी यांनी ही लस टोचलेली माकडं लुळी पडताना पाहिली आणि वरिष्ठांना कळवलं होतं. वरिष्ठांनी ऐकलं नाही. तेव्हा प्राण्यावरची प्रत्येक टेस्ट म्हणजे अंधश्रद्धा, असं कोणी म्हणायला लागलं की मला ही माकडं आठवतात.

आणि आपल्या पिढीला आठवणारं दुसऱ्या टोकाचं उदाहरण म्हणजे कुत्रा चावल्यावर पोटात घ्यायची ती १४ इंजेक्शनं. ती लस मेंढीच्या मेंदूवर बनायची. ताकदीच्या टेस्टमध्ये उंदरांना ती वाचवायची. पण तिच्यातल्या मेंदूच्या अंशामुळे काही माणसांना अर्धांगवायूसारखा त्रास व्हायचा, आणि हे त्या टेस्टला दिसणं शक्यच नव्हतं, कारण तिला तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. आपल्याकडे ती लस २००४च्या अखेरीस बंद झाली. त्या टेस्टमध्ये तशी खोट नव्हती. ज्या कामाची ती नव्हती त्या कामाचा भरवसा लोकांनी तिच्यावर ठेवला. तुमच्या घरात आत्ता तेच उलट्या बाजूने चाललंय: एका कामात कच्ची निघाली म्हणून सगळ्याच कामातून बाद.

भाचीच्या मनातली खरी बोच कुठे असावी याचा अंदाज मला आहे. काही टेस्ट खरोखरच निरर्थक होत्या आणि तरी वर्षानुवर्षं चालल्या. सगळ्यात मोठं उदाहरण 'ॲबनॉर्मल टॉक्सिसिटी'चं. प्रत्येक बॅच पाच उंदरांना आणि दोन गिनीपिगना टोचायची, सात दिवस बघायचं, मेले नाहीत की पास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत घोड्याच्या रक्तापासून बनणाऱ्या सीरममध्ये फिनॉल (ते टिकावं म्हणून घालायचं रसायन) जास्त पडला का, धनुर्वाताचं विष राहिलं का, हे बघायला ही टेस्ट निघाली. तेव्हा तिला अर्थ होता. आज फिनॉल मोजायला यंत्र आहे, निर्जंतुकतेची वेगळी टेस्ट आहे. अमेरिकेने २०१५मध्ये ही टेस्ट नियमांतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये ती बंद करायची शिफारस केली, युरोपनेही ती हटवली. यातला एकही निर्णय लस कच्ची आहे म्हणून झाला नाही. सात दिवस उंदीर जगले यावरून लसीबद्दल नवं काही कळत नाही, एवढंच त्यात मान्य केलं गेलं.

मग उरलेल्या टेस्ट का रखडल्या आहेत? यात क्रूरपणा कमी आणि कारकुनी जास्त. नवी पद्धत आणायची तर ती जुनीशी जुळते हे दाखवावं लागतं. आता जी जुनी टेस्ट स्वतःशीच जुळत नाही, तिच्याशी नवी जुळवायची कशी? चांगली पद्धत यात फुकट नापास होते. त्यात लस पन्नास देशांना जात असेल आणि त्यातल्या तीन देशांना जुनीच टेस्ट हवी असेल, तर त्या तिघांसाठी पिंजरे भरत राहतात. तरी हळूहळू सरकतंय. पोलिओच्या तोंडी लसीची ताकद पेशींवर मोजतात. ती लस पुन्हा घातक होत नाही ना हे बघायला पूर्वी माकडांच्या मज्जारज्जूत टोचून बघायचे, आता विषाणूतले धोकादायक बदल थेट जनुकाच्या पातळीवर मोजता येतात. रेबीजच्या लसीतलं कामाचं प्रथिन एलायझाने मोजायचा रस्ता तयार आहे. सशांना टोचून ताप येतो का ते बघण्याऐवजी माणसाच्या रक्तपेशींवर काचनळीत तेच बघता येतं.

म्हणून भाचीला नोकरी सोडू नको असं माझ्यातर्फे सांगा. हा माझा सल्ला आहे, आग्रह नाही. रोज पिंजऱ्यातले मेलेले मोजण्याचा त्रास ज्याचा त्याला ठाऊक, रात्री झोप लागत नसेल तर तिने खुशाल दुसरीकडे जावं. पण ज्याला त्या आकड्यांचा डुगडुगाट दिसतो त्याच माणसाची तिथे गरज असते. तिच्या कंपनीत प्राण्यांसाठी नीतिसमिती असणारच, १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली ती असावीच लागते. तिथे तिने कागद घेऊन जावं: कुठली टेस्ट कोणत्या देशासाठी चालते, रेफरन्सच्या जुन्या आकड्यांवरून कमी उंदरांत तेवढंच उत्तर मिळतं का, मरेपर्यंत थांबण्याऐवजी आधीच्या लक्षणांवर प्राण्याला शांत मरण देऊन सोडवता येईल का. असल्या अर्जांनी एकेका टेस्टमागे शेकडो जीव वाचतात. आणि तिला एवढं जरूर सांगा की बाहेरच्या माणसांसमोर "भरवसा नाही" असं अर्धं वाक्य टाकून उठायचं नाही. जेवणाच्या ताटावर बोललेलं वाक्य कुठे पोचतं ते तिने आता पाहिलंच आहे.

काकूंना मी काय सांगणार? त्यांच्या गळ्यात माळ आहे, त्यांचा प्रश्न घरातल्या सगळ्यांत सरळ आहे आणि त्याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. जीव गेले, हे खरं. या बाटलीच्या बॅचसाठी गेलेले जीव बाळाने लस न घेतल्याने परत येत नाहीत, हेही खरं. त्यांना फारच लागत असेल तर भाचीच्या त्या अर्जामागे त्यांनीच उभं राहावं. घरातल्या मोठ्या बाईने पाठीवर हात ठेवला की पोरींना बळ येतं.

आता दवाखान्यात गेल्यावर करायचं एक काम, कारण मुलाला आणि सूनबाईला स्वतःच्या डोळ्यांनी काहीतरी तपासायचंय आणि ते योग्यच आहे. सिस्टरना बाटली दाखवायला सांगा. तिच्यावर एक छोटं वर्तुळ असतं आणि त्याच्या आत चौकोन. लसीला जितकी उष्णता लागली असेल तितका तो चौकोन गडद होत जातो, आणि झालेला रंग परत उतरत नाही. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस वापरायची. वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर ती बाटली नको म्हणायचं, सिस्टर स्वतःच बाजूला ठेवतील. ही लस गोठूनही बिघडते आणि ते चौकोनाला कळत नाही, म्हणून बाटल्या बर्फाला थेट चिकटून ठेवलेल्या नाहीत ना, एवढं विचारायला हरकत नाही. कार्ड बरोबर न्या, दहाव्या आठवड्याचे पोलिओ आणि रोटाचे थेंबही राहिले असतील, ते त्याच वेळी होऊन जातील. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. तापाच्या औषधाचा डोस बाळाच्या वजनावर सिस्टरकडून लिहून घ्या, म्हणजे या वेळी रात्री दोन वाजता शोधाशोध नको.